आबांच्या खोलीतली हवा

रोज सकाळी माझी फिफामेआत्या आबांच्या खोलीच्या दारात गुडघे टेकते, तीनदा टाळी वाजवते आणि विचारते, "आबा, उजाडलं. झोप लागली का?"

आबा उत्तर देत नाहीत. आबा अजगर आहेत. पण आमच्या जेग्बामे गावात अजगर म्हणजे कुळाचा पूर्वज, आणि एवढ्याशा कारणावरून कोणी थोरामोठ्यांची विचारपूस सोडत नाही. माझे सख्खे आजोबाही शेवटची चार वर्षं उत्तर देत नव्हते, त्यांनाही आम्ही विचारतच होतो.

अजगर म्हटल्यावर झाडाला विळखा घालून बकरी गिळणारा डोळ्यांसमोर येत असेल, तर आबा तसले नव्हेत. उभे धरले तर माझ्या छातीपर्यंत येतील, जाडी आत्याच्या दंडाएवढी, काळ्या अंगावर पिवळसर ठिगळं. स्वभाव इतका भिडस्त, की अनोळखी पाऊल वाजलं की डोकं आत घालतात आणि चेंडू होतात. आमच्या घराण्यातले बाकीचे पुरुष अनोळखी माणूस आला की फुगतात. म्हणून आत्या म्हणते, "या आवारात एकच पुरुष शहाणा, आणि त्याला मी सांभाळते."

सांभाळणं म्हणजे मक्याच्या कोठारातले उंदीर पुरवायचे, पाणी बदलायचं, खोली झाडायची, सकाळी ख्यालीखुशाली विचारायची. हे कोणीही करील. खरी परीक्षा वर्षातून एकदा, हरमटानमध्ये. उत्तरेच्या वाळवंटातून तो कोरडा धुळकट वारा सुटला की त्या दिवसांत आबा टाकतात ती कात घराण्याची. बाकीच्या काती कोंबड्या उकरतात, त्यांना कोणी विचारत नाही.

कात जवळ आली की आबांचे डोळे दुधाळ होतात. तसे झाले की सांभाळणाऱ्याने थोरल्या बाबांना निरोप द्यायचा. थोरले बाबा म्हणजे आमच्या कुळाचे प्रमुख, ऐंशीच्या पुढचे, आणि सोयीपुरते बहिरे. निरोप पोचल्यापासून तिसऱ्या बाजाराच्या दिवशी सगळं घराणं जमतं. आमच्याकडे बाजार दर पाचव्या दिवशी, म्हणजे पंधरा दिवस मिळाले. तोवर आबांना खोलीबाहेर काढायचं नाही. त्या दिवशी थोरले बाबा कात दोन बोटांनी मानेशी धरून उचलतात. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी वर आली, तर किल्ली त्याच हाती राहते. मध्येच फाटली, तर किल्ली दुसऱ्याला.

आत्याच्या हाती ती अकरा वर्षं होती. त्या अकराही काती पूर्वजांच्या खोलीच्या चौकटीवर ओळीने टांगल्यात. वाऱ्याने सळसळल्या की आत्या वर न बघता सांगते, "ती तिसऱ्या वर्षाची. तिचा आवाज जाड आहे."

सत्तेचाळिसाव्या वर्षी आत्या नवऱ्याच्या घरून परत आली, तेव्हा तिच्याकडे एक ट्रंक आणि मडकी घासायचे चार गुळगुळीत दगड होते. का आलीस, हे कोणी विचारलं नाही. परत कधी जाणार, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. पाहुण्याला वाढावं तसं तिला वाढायचे, आणि पाहुण्याला दुसऱ्या आठवड्यात वाढतात तसं बघायचे. मग आधीचे सांभाळणारे वारले, थोरल्या बाबांनी किल्ली आत्याच्या हातात ठेवली, आणि किल्लीबरोबर आबांच्या शेजारची खोली आली. त्या दिवसापासून तो प्रश्न बंद झाला.

आता हुन्सूकाका. आत्याचा धाकटा भाऊ. कोटोनूच्या बंदरातल्या कचेरीतून निवृत्त झाला, पण आवाज निवृत्त झाला नाही. तो अजूनही जहाजांनाच सांगत असल्यासारखा बोलतो. येत्या पावसाळ्यानंतर त्याच्या मुलाचं लग्न आहे आणि सुनेसाठी खोली हवी होती. तसं तो कधी म्हणाला नाही. तो फक्त आत्याच्या खिडकीसमोर उभा राहायचा आणि हवेला सांगायचा, "सुनेला वारा खेळता पाहिजे. या बाजूला वारा चांगला खेळतो."

"खेळू दे," आत्या आतून म्हणायची. "तूपण जा खेळायला."

गेल्या पावसाळ्यात याच काकाने आबांच्या खोलीचं कल्याण करायचं मनावर घेतलं. जुनी खोली गोल होती, हातभर जाड मातीच्या भिंतींची, वर झावळ्या, खाली चोपलेली जमीन. काका म्हणाला, घराण्याची लाज वाटते. माणसं फरशीवर चालतात आणि आबा मातीत लोळतात! झावळ्या उतरल्या, पत्रा चढला. भिंतींना सिमेंट, खाली पांढऱ्याशुभ्र लाद्या. पूर्वजांसाठी कोणी लाद्या बसवत असेल, तर त्याला नको कोणत्या तोंडाने म्हणायचं? उद्घाटनाला ढोल होते. सगळ्यात जास्त वेळ आत्याच नाचली. झाडायला सोपं पडेल, म्हणाली.

पाऊस होता तोवर सगळं ठीक चाललं. मग हरमटान आला. सूर्य धुळीमागे उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला. ओठ फुटले, टाचा फुटल्या, दारांच्या फळ्या सुकून फटी पडल्या. पहाटे दात वाजायचे आणि दुपारी आबांच्या छपराचा पत्रा टकटक वाजायचा.

त्याच आठवड्यात रोमारिकचं पार्सल आलं.

रोमारिक आत्याचा मुलगा. फ्रान्समध्ये नांतला असतो आणि पाळायचे साप विकणाऱ्या दुकानात काम करतो. आमच्या शेतातल्या बिळांतले अजगर विमानाने तिकडे जातात, काचेच्या पेटीत राहतात, आणि त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून रोमारिकला नोकरीवर ठेवलंय. त्याला स्वतःला घरच्यासारखं वाटावं म्हणून कोणी ठेवलंय का, हे आत्या अधूनमधून विचारते. पार्सलमध्ये दोन वस्तू होत्या. एक, तळहातात मावेल एवढी तबकडी, तिच्यावर दोन काटे: लाल उष्णतेचा, निळा हवेतल्या ओलीचा. दुसरी, नुसती ऊब देणारा दिवा. दिवा पाहून आवारातल्या बायका भिंतीला धरून हसल्या. आमच्याकडे ऊब पाठवायची म्हणजे समुद्राला मीठ पाठवण्यातलाच प्रकार.

दिवा आत्याने ट्रंकेत टाकला. तबकडी मात्र मुलाची म्हणून आबांच्या भिंतीवर लावली, आणि दुपारी त्याला फोनवर सांगितलं, "पोचलं. छान दिसतं."

"निळा काटा कुठे आहे, आई?"

"भिंतीवर."

"आकडा सांग."

"बावीस."

"आई, साठ पाहिजे. कात टाकताना सत्तर. आणि लाल?"

"अडतीस."

"बत्तिसाच्या वर नको! आई, ती खोली आहे की तवा?"

"तुझा काटा थंडीत वाढलाय. त्याला इथली हवा कशी समजणार? दोन दिवस जाऊ देत, रुळेल."

"काटा रुळत नसतो, आई."

"रोमारिक, तू लहानपणी गांडूळ बघून टेबलावर चढायचास. आणि आता मला साप शिकवतोस?"

"ते गांडूळ मोठं होतं," रोमारिक म्हणाला. फोन संपला.

दुसऱ्या दिवशी आबांचे डोळे दुधाळ झाले. आत्याने थोरल्या बाबांना निरोप धाडला. दिवस मोजायला सुरुवात झाली.

पहिल्या बाजारापर्यंत डोळे पुन्हा निवळले. दर वर्षी तसंच होतं. डोळे निवळले की चार-पाच दिवसांत कात. पण या वेळी आबांचं अंग भाजलेल्या कसाव्याच्या कंदाच्या सालीसारखं सुरकुतलं होतं. पाण्याच्या परातीभोवती वेटोळं घालून ते पडून असायचे. आत्याला ते बघवेना. मग हरमटानमध्ये म्हाताऱ्या माणसाचं अंग सुकलं की आमच्या आवारात कोणीही जे करतं, तेच तिने केलं. शिया झाडाच्या बियांचं लोणी तळहातावर कोमट केलं आणि गाणं म्हणत मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. तान्ह्या बाळापासून थोरल्या बाबांपर्यंत आम्ही सगळे त्या दिवसांत लोण्यातच असतो. आबांना तेवढं वगळायचं कसं? ते काय परके आहेत?

आबा चकाकले. शेजारणी बघायला आल्या.

"अगं बाई, दहा वर्षांनी तरुण दिसतात!"

"कोणतं लोणी गं? माझ्या नवऱ्यालाही लावून बघते."

"तुझ्या नवऱ्याला लोणी नाही, रंधा लागेल," आत्या म्हणाली. भलतीच खूश होती. दुसऱ्या दिवशी परत लावलं.

तिसऱ्या दिवशी धूळ बसली. पत्र्याच्या फटींतून अख्खं वाळवंट खाली उतरलं आणि आबांच्या लोण्याला चिकटलं. पिठात घोळवलेल्या वड्यासारखे दिसायला लागले. आत्या पुसायला गेली, तर मानेपाशी, जिथे तिने सगळ्यात मायेने चोळलं होतं तिथे, नखाएवढा पापुद्रा सुटला आणि तिच्या बोटांत आला.

ती बाहेर येऊन एका पालथ्या मडक्यावर बसली. मूठ मिटलेली. बराच वेळ तिने कोणालाही शिवी दिली नाही. कोंबडी पायात आली तरी नाही. तेव्हा आम्हाला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

काका खिडकीपाशी आला, वारा कुठल्या बाजूने येतो ते बघून गेला. मग आत्या उठली आणि तिनेच फोन लावला.

"काय लावलंस?" रोमारिक ओरडला.

"लोणी."

"अंगाला?"

"मग काय पावाला?"

"आई, आता नीट ऐक. ओढू नको. काही सुटत असलं तरी ओढू नको. कोमट पाण्यात फडकं भिजव, पीळ, हळूच लोणी पुसून काढ. मग ओल पाहिजे. अंगावर नाही, हवेत. निळा काटा सत्तर."

"बरं," आत्या म्हणाली. मुलाला ती पहिल्यांदाच 'बरं' म्हणत होती.

लोणी निघालं. ओल काही येईना. आत्याने लाद्यांवर घागरी ओतल्या. मातीची जमीन असती तर पाणी पिऊन दिवसभर थोडं थोडं सोडत राहिली असती. लाद्या पाणी पीत नाहीत. निळा काटा उडी मारून नव्वदवर गेला आणि तासाभरात तिशीवर परत आला. मधल्या वेळात आबा डबक्यात पडलेले. रोमारिक म्हणाला, असं पोट ओलं राहिलं तर फोड येतील, ते पहिल्याहून वाईट. मग आत्याने भिंतींवर ओली कापडं टांगली. ती दुपारपर्यंत पापडासारखी कडक व्हायची. तोवर काका दारात.

"अक्का! लाद्यांचे सांधे जातील!"

"जाऊ देत. माझ्या गुडघ्यांचे केव्हाच गेले."

"मी थोरल्या बाबांना सांगीन."

"सांग ना. हेही सांग, की मातीच्या खोलीत अकरा वर्षं कात फाटली नव्हती."

काका म्हणाला, "उद्घाटनाला सगळ्यात जास्त कोण नाचलं होतं, अक्का?"

"लाद्या पायाला गार लागत होत्या," आत्या एवढंच म्हणाली, आणि कापड पिळायला वळली.

दुसरा बाजार आला. आबांना सोडून जायचं आत्याच्या जिवावर आलं होतं, पण मडकी विकल्याशिवाय चूलही पेटत नाही. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या मडकेवालीने त्या दिवशी एक रांजण तोंड मागे करून ठेवला होता. आत्याने तो फिरवला. मानेपाशी तडा.

"सुनेने वाळायला उघड्यावर ठेवला," शेजारीण म्हणाली. "काय करू?"

"काय करू म्हणजे? हरमटानमध्ये कच्चं मडकं उघड्यावर ठेवतात का? ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं, दिवसातून चारदा गोणपाट फिरवायचं, शिंपडायचं, बाहेरची ओल आणि आतली ओल बरोबरीने उतरू द्यायची. घाई केली की पहिलं मानेशीच जातं. मान पातळ अस..."

ती तिथेच थांबली.

"काय झालं?" शेजारणीने विचारलं.

"वीस दिवस मी मडकं हळूहळू वाळवते गं," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं वाळवतेय. आणि आबांना भट्टीत घालून वर लोणी चोळलं."

तिने आपली सगळी मडकी शेजारणीच्या हवाली केली, एक सोडून. तिचा सगळ्यात मोठा पिण्याच्या पाण्याचा रांजण; चार महिने कोणाला मनासारखी किंमत सांगता येत नव्हती म्हणून उरलेला. तो मांडीवर घेऊन ती भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. चालक म्हणाला, "मावशी, एक सवारी म्हणालात, या दोन झाल्या." आत्या म्हणाली, "हा गप्प बसतो. तू याच्याकडून शीक."

रांजण भाजलेला, पण बाहेरून घोटून चकचकीत न केलेला; त्यामुळे त्याच्या अंगातून पाणी झिरपायचं. आत्याने आबांच्या खोलीत मोठ्या घमेल्यात ओली वाळू भरली, रांजण तिच्यात आडवा अर्धा पुरला, वरून भिजवलेलं गोणपाट घातलं. पाणी वाळूवर आणि गोणपाटावर. आत थेंब नाही. आत कोरडी पानं. तबकडीला दोरी बांधून तीही आत सोडली; दोरी ओढली की ती तोंडाशी यायची. त्याआधी तिच्या काचेवर पांढऱ्या मातीने ठिपके दिले: निळ्यासाठी सत्तरवर एक, लालसाठी सव्वीस आणि बत्तीसवर दोन. आकड्यांशी तिचं काही भांडण नव्हतं, पण रांजणाच्या अंधारात ठिपका पटकन दिसतो.

मग ती आबांकडे पाठ करून बसली. घरातल्या मोठ्या माणसाला नव्या खोलीत जायला सांगायचं नसतं. ती खोली तिथे आहे, एवढंच त्याला कळू द्यायचं. दुपार कलता कलता वाळूवरून सरकल्याचा आवाज आला. आत्याने मान वळवली नाही. नंतर पाहिलं, तर रांजणाच्या तोंडातून शेपटीचं टोक तेवढं बाहेर होतं, आणि मग तेही नव्हतं.

ओल जमली. उष्णता जमेना. दुपारी पत्रा तापला, की लाल काटा वरचा ठिपका ओलांडून जायचा. आत्याने माडांच्या बागेतून झावळ्या आणवल्या आणि पत्र्यावर घालायला माणसं चढवली.

काका पायजम्यावरच धावत आला. "पत्र्यावर झावळ्या? अक्का, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हुन्सूचं टक्कल उन्हात पडलं होतं, अक्काने टोपी घातली."

वरची माणसं इतकी हसली, की एक झावळी काकाच्या पायाशी पडली.

पहाटेचा प्रश्न उलटा होता. गारठ्यात लाल काटा एकविसावर यायचा. तेव्हा ट्रंकेतून तो दिवा बाहेर आला, ज्याला सगळा गाव हसला होता. आत्याने तो रांजणाच्या एकाच टोकावर टांगला. "एक बाजू उबदार, एक बाजू गार," ती रोमारिकला म्हणाली. "त्यांना हवं तिकडे सरकतील."

"आई, हेच मी गिऱ्हाइकांना सांगतो."

"मग तुला कोणीतरी नीट वाढवलंय."

वीज गेली की राखेत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून त्या टोकाशी लावायची. दर दोन तासांनी गोणपाट फिरवायचं, तोंडात पाणी घेऊन फुर्र करून शिंपडायचं, काटा बघायचा. कच्च्या मडक्याचं जे करायचं तेच, फक्त या मडक्याला नमस्कारही करायचा. तीन दिवसांत सगळं आवार निळ्या काट्याच्या नादी लागलं. येता-जाता माणसं दारातून विचारायची, "किती?" आणि आतून आत्या, "ठिपक्यावर!" काकालाही मी एका सकाळी चवड्यांवर उभा राहून आत डोकावताना पाहिलं. मला बघून म्हणाला, "लाद्या तपासत होतो."

तिसऱ्या बाजाराचा दिवस उजाडला आणि कात पडलेली नव्हती.

माणसं जमली. पानांत बांधलेल्या अकासाच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडीच्या, पुरचुंड्या आल्या, धुरावलेले मासे आले, मिरचीचं वाटण आलं, ताडाच्या कडक दारूची, सोडाबीची, बाटली आली आणि लगोलग अर्धी झाली. थोरले बाबा पांढऱ्या कापडात, स्टुलावर. आत्या रांजणाशेजारी गुडघ्यांवर. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. कमरेची किल्ली तिने एका हाताने धरून ठेवली होती, बाजारात लहान पोराचं मनगट धरतात तशी.

काकाने मनगटावरचं घड्याळ जरा उंच धरून पाहिलं. "थोरले बाबा, तिसरा बाजार म्हणजे तिसरा बाजार. रीत आहे."

"हां?" थोरले बाबा म्हणाले.

"दिवस कलायला लागला, बाबा!"

"बाजार उठला का? माझी सून अजून तिथेच मासे निवडतेय. ती आली की उठला."

तिची मासे निवडायची पद्धत सगळ्यांना माहीत होती. काका खाली बसला.

आणि मग रांजणात खरखर झाली. सुक्या पानांवरून रेशमी कापड ओढावं तशी. कोणीतरी सोडाबीचा पेला अर्ध्यात थांबवला. तोंडातून आधी एक ओलसर नाक आलं, मग ते भिडस्त डोकं, मग आबा स्वतः, एवढ्या माणसांना न घाबरता. काळा रंग ताज्या ताडफळासारखा, पिवळी ठिगळं जणू आत्ताच रंगवलेली. बायकांनी जिभा फिरवून अशी ललकारी दिली, की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. आबा आत्याच्या गुडघ्यावरून गेले आणि कोपऱ्यात वेटोळं करून बसले.

"कात कुठाय?" काका म्हणाला.

कात रांजणात होती. ओल टिकावी म्हणून आत्याने मुद्दाम लहान तोंडाचा रांजण घेतला होता. आत मूठ जात होती, पण काही धरलेली मूठ बाहेर येत नव्हती. आणि ओली कात भिजलेल्या कागदासारखी. त्या काठावर घासली की गेली.

"ओढ की हळूच," काका म्हणाला.

"हात लावू नको!"

आत्याने घासायच्या दगडांपैकी एक उचलला. रांजणाच्या पोटावर, एकाच ठिकाणी, कान देऊन, ती टिचक्या मारत गेली. टक, टक, टक. ही तिची रोजची सवय, विकायच्या आधी मडकं पक्कं आहे का ते ऐकायची. चौथ्या वेळी तिने दगड जोरात हाणला. तिचा सगळ्यात चांगला रांजण दोन फाकांत उघडला, आणि आत पानांवर कात पडलेली, मोजा उलटा काढावा तशी, नाकाच्या टोकापासून.

थोरले बाबा उठले. त्यांची दोन बोटं मानेकडे वळली. म्हाताऱ्याला आता जवळचं फारसं दिसत नाही. उचलली असती आणि टिकली असती, तर कोणालाच काही कळलं नसतं.

"थोरले बाबा," आत्या म्हणाली. "तिथे भोक आहे. नखाएवढं. सुकलेल्या अंगावर मी लोणी चोळलं, त्याने पडलं."

काकाने बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं आणि त्याची नजर पत्र्याकडे गेली.

"मग कुठे धरू?" थोरल्या बाबांनी विचारलं. या वेळी त्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू आलं होतं.

"मानेशीच धरा. रीत आहे."

त्यांनी मानेशीच धरली. भोकाच्या दोन्ही बाजूंना करंगळीएवढीच पट्टी उरली होती. कात वर जायला लागली. पोट सुटलं पानांपासून, मग उतरती बाजू, मग शेपूट. शेवटचं टोक पानांवरून उठलं तेव्हा दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि कात थोरल्या बाबांच्या बोटांत अशी हेलकावली, की आत्याने डोळे मिटले. पट्टी ताणली. भोक नखाचं बोटाएवढं झालं.

फाटली नाही.

थोरले बाबा गरजेपेक्षा बराच वेळ ती धरून उभे राहिले. मग म्हणाले, "माझा हात दुखतोय. कोणी घेणार आहे का, की मीच चौकटीवर लटकू?"

त्यानंतर जे झालं त्यात ढोल होते, उरलेली सोडाबी होती, आणि नाचायचं म्हटल्यावर आत्या म्हणाली, "या वेळी बसून." ती भिंतीला टेकून बसली आणि पहिली पुरचुंडी सोडून खाऊ लागली. किल्ली मांडीवर. खापऱ्या काकाने उचलल्या. कोणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यांवर बसून आपल्या पांढऱ्या लाद्यांवरून एकेक वेचली आणि जाऊन घमेल्यात ठेवली.

सुनेची खोली तो आता आवाराच्या मागच्या अंगाला बांधतोय. मातीची, वर झावळ्या. विचारलं तर म्हणतो, तिकडे वारा चांगला खेळतो. आत्याने आबांसाठी नवा रांजण केला, या वेळी दोन मुठींच्या तोंडाचा. रोमारिकने त्याचा फोटो मागवला आणि विचारलं, दुकानासाठी असे पाच पाठवशील का. आत्या म्हणाली, रांजण पार्सलने जात नाहीत, मांडीवर जातात, न्यायला ये.

परवा पावसाचे ढग दिसायला लागले, तेव्हा काका आबांच्या खोलीपाशी येऊन वर बघत उभा राहिला.

"अक्का, आता तरी पत्र्यावरच्या त्या झावळ्या काढशील ना?"

"मला काय विचारतोस? आबांना विचार."

काकाने इकडेतिकडे पाहिलं. मग पायजमा सावरून दारात गुडघे टेकले, तीनदा टाळी वाजवली आणि बंदरावरच्या त्या आवाजात विचारलं, "आबा, झावळ्या काढू का?"

आबांनी डोकं आत घातलं आणि चेंडू झाले.

"नाही म्हणाले," आत्या म्हणाली.